कडी लावलेल्या दाराची गोष्ट

पत्राचा सारांश : सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावातून हे पत्र आले आहे. पत्रलेखिका बेचाळीस वर्षांच्या असून एका पतसंस्थेत नोकरी करतात. यंदाच्या पावसाळ्यात, संध्याकाळी वीज गेली की करण्यासारखे दुसरे काही नसे तेव्हा, त्यांनी गावच्या वाचनालयातून आणलेल्या जुन्या दिवाळी अंकांतल्या आणि कथासंग्रहांतल्या चाळीसएक रहस्यकथा, गूढकथा व अद्भुतकथा वाचल्या. प्रत्येक कथेविषयी एकदोन ओळी त्या वहीत टिपून ठेवतात. वाचनालयाच्या हस्तलिखित वार्षिकासाठी ‘अलीकडचे माझे वाचन’ या विषयावर त्यांच्याकडे लेख मागितला आहे आणि तो दसऱ्यापर्यंत द्यायचा आहे. त्यांनी तो चार वेळा लिहिला आणि चारही वेळा फाडला. निवृत्त शिक्षक असलेले सासरे म्हणतात, ‘असल्या गोष्टी वाचून डोक्यात काय राहते?’ आणि खरोखरच निम्म्याहून अधिक कथा त्या विसरून गेल्या आहेत. रहस्य सांगितले तर कथा उरत नाही आणि न सांगितले तर लिहिण्यासारखे काही उरत नाही, असे त्यांना वाटते. अकरा वर्षांच्या मुलीने त्यांच्या खांद्यावरून डोकावून दोनतीन कथा वाचल्या आणि आता ती रात्री मागच्या पडवीत एकटी जात नाही. तिन्हीसांजेला असले वाचू नये, त्या वेळी राखणदार, म्हणजे गावाची राखण करणारा अदृश्य रक्षक, फिरत असतो, असे सासूबाई बजावतात. ‘हे सगळे सोडून एखाद्या भारदस्त पुस्तकावर लिहू का?’ असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या अखेरीस, कंसात, त्यांनी एक वाक्य लिहिले आहे : ‘परवा एक कथा संपल्यावर मागच्या दाराची कडी लावली आहे ना, हे मी उठून पाहून आले, ती मीच लावली होती.’

ताई, सप्रेम नमस्कार.

कंसातल्या त्या वाक्याकडे मी शेवटी वळणार आहे. आधी सासऱ्यांच्या प्रश्नाविषयी बोलू, कारण तुमचे चार मसुदे हस्तलिखितासाठी नसून त्या प्रश्नाला दिलेली उत्तरे होती, असे पत्र वाचताना मला वाटत राहिले. उत्तर पटण्याजोगे झाले नाही की कागद फाडायचा, असे चार वेळा घडले.

‘डोक्यात काय राहते’ असे विचारणाऱ्याने वाचन म्हणजे साठवण, हे गृहीत धरलेले असते. कणगीत भात भरावे तसे वाचायचे आणि मोसम सरल्यावर कणगी रिकामी दिसली की मेहनत फुकट गेली म्हणायचे. परीक्षेसाठी वाचायचे असते तेव्हा हा हिशेब बरोबर असतो, आणि आयुष्यभर मुलांना परीक्षेला बसवलेल्या शिक्षकाला तो सगळीकडेच लागू आहे असे वाटणे मी समजू शकते. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने विसरण्याविषयीचे आपले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले. पाठ केलेले आपण किती वेगाने विसरतो, हे मोजण्यासाठी त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरसमूह निवडले होते. कारण अर्थ असलेला मजकूर मनातल्या जुन्या कशाला तरी जाऊन चिकटतो आणि मोजणी बिघडवतो. तुमच्या वाचनाचा हिशेब मांडायचाच असेल, तर हे चिकटणे मोजायला हवे. कथांची आणि पात्रांची नावे तुम्ही विसरला असाल. पण तुम्हीच पत्रात लिहिले आहे की, एका कथेतल्या कुलूपबंद घरातून उदबत्तीचा वास येत असतो आणि ती वाचल्यापासून कामावर जाताना वाटेवरचे, फक्त गणपतीत उघडणारे मुंबईकरांचे घर आले की तुमची पावले आपोआप मंद होतात. त्या कथेचा शेवट तुम्हाला आठवत नाही, ती कोणी लिहिली तेही आठवत नाही; तरीही रोजची वाट तिने बदलली आहे. याला ‘काही राहिले नाही’ असे मी तरी म्हणणार नाही.

सासऱ्यांशी वाद घालू नका, त्यांना एक प्रश्न विचारून पाहा. ते पंचाहत्तरीच्या आसपासचे असतील, तर त्यांचे शाळकरी वय बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांच्या भरातले आहे. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांच्या झुंजार या नायकाच्या कथा पाठ्यपुस्तकाच्या आड लपवून वाचणाऱ्यांची एक अख्खी पिढी महाराष्ट्रात होऊन गेली. ‘तुम्ही झुंजार वाचला होता का?’ एवढेच विचारा. मी माझ्या वडिलांना हे विचारले, तेव्हा ते थोडे थांबले आणि मग पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या पुस्तकाचा कागद कसा होता, ते कोणाकडून आणले होते आणि परत करायला उशीर झाल्याने किती पैसे भरावे लागले होते, हे सगळे त्यांनी सांगितले. कथानक मात्र त्यांना अजिबात आठवत नव्हते. सासरे कदाचित असे काही सांगतील, कदाचित नाहीही. पण मग बोलणे तुमच्या निवडीवरून त्यांच्या आठवणीवर जाईल आणि तुम्हाला बचाव करत बसावे लागणार नाही.

‘भारदस्त’ या शब्दाविषयीही थोडे सांगायला हवे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती. जगभर नाव झालेल्या खगोलशास्त्रज्ञाने आपले नाव झाकले, ते कथेकडे कथा म्हणूनच पाहिले जावे यासाठी, आणि त्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. पुस्तकाचे वजन त्याच्या प्रकारावरून ठरवण्याची जी सवय आपल्याला लागलेली आहे, तिच्यावर मला हा उत्तम उतारा वाटतो. हलकी पुस्तके असतात, यात शंका नाही. परंतु ती प्रत्येक कप्प्यात असतात, वैचारिक पुस्तकांच्या कप्प्यातही.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येते. रहस्य कळले की कथा उरत नाही, असे तुम्ही म्हणता. माझाही हा समज होता, आणि तो एका पेन्सिलीने मोडला. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वाचनालयातून आणलेल्या दिवाळी अंकात मी एक रहस्यकथा वाचायला घेतली. दुसऱ्याच पानावर, गावातले डॉक्टर पहिल्यांदा ओसरीवर येऊन चहा घेतात त्या परिच्छेदाच्या बाजूला, आधीच्या कोणा वाचकाने बारीक अक्षरात लिहून ठेवले होते : ‘हाच.’ मला इतका राग आला की मी अंक मिटून ठेवला. पाऊस होता, घरात दुसरे वाचायला काही नव्हते, म्हणून दुपारी पुन्हा उघडला. आणि मग मी ती कथा ज्या रीतीने वाचली, तशी त्यापूर्वी कोणतीच रहस्यकथा वाचली नव्हती. डॉक्टर कपाची कड रुमालाने पुसतात, हे वाक्य लेखकाने उघड्यावर ठेवले होते. त्याच्या पुढच्याच वाक्यात आंब्याच्या मोहोराविषयी असे काही लिहिले होते की वाचणाऱ्याचे डोळे रुमालावरून मोहोराकडे जावेत. पेन्सिलीने माझ्यापासून धक्का हिरावून घेतला होता, पण लेखकाचे हात मला दिसू लागले होते.

कॅलिफोर्नियातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली याविषयी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा लघुकथा घेऊन त्यांनी काही वाचकांना शेवट आधी सांगितला आणि काहींना सांगितला नाही. शेवट माहीत असलेल्यांना त्या कथा सरासरीने अधिक आवडल्या, आणि त्या बारांत रहस्यकथाही होत्या. नंतरच्या काही अभ्यासांचे निष्कर्ष उलट आले, तेव्हा हा वाद मिटलेला नाही. पहिल्या वाचनाचा धक्का मौल्यवान आहे आणि तो दुसऱ्याचा हिरावून घेऊ नये, हे मी आजही मानते. माझे म्हणणे इतकेच की कथा त्या धक्क्यापेक्षा मोठी असते, आणि लेख तिच्या त्या उरलेल्या भागावर लिहिता येतो.

कसा, ते एका उदाहरणाने दाखवते. एडगर ॲलन पो याची १८४१ साली प्रसिद्ध झालेली, पॅरिसमधल्या एका बंद खोलीतल्या खुनांची कथा ही आधुनिक हेरकथेची सुरुवात मानली जाते. जिना चढून वर धावलेल्या साक्षीदारांनी आतून दोन आवाज ऐकलेले असतात. एक फ्रेंच माणसाचा होता, याविषयी सर्वांचे एकमत आहे. दुसऱ्या, तीक्ष्ण आवाजाविषयी मात्र फ्रेंच शिपाई सांगतो की ती स्पॅनिश भाषा असावी, डच साक्षीदार म्हणतो फ्रेंच, इंग्रज म्हणतो जर्मन, स्पॅनिश माणूस म्हणतो इंग्रजी आणि इटालियन म्हणतो रशियन. ज्याने ज्या भाषेचे नाव घेतले, ती भाषा त्याला स्वतःला येत नसते. मी हे वाचले तेव्हा मला आपल्याकडचा बंदरावरचा माशांचा लिलाव आठवला. घाटावरून आलेला पाहुणा तिथे उभा राहिला की जे जे कळत नाही त्याला तो बिनदिक्कत ‘कोकणी’ म्हणून मोकळा होतो, मग बोलणारी मालवणीत बोलत असो की आणखी कशात. न कळलेल्या गोष्टीला माणूस आपल्या अज्ञानातलेच एक नाव देतो, हे त्या कथेने मला शिकवले. ताई, तो आवाज कोणाचा होता हे मी तुम्हाला सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. तरीही कथेविषयी आपले बरेच बोलणे झाले.

तुमच्या वहीतल्या ज्या नोंदी तुम्ही पत्रात उतरवून पाठवल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक ‘शेवट धक्कादायक, आवडली’ किंवा ‘शेवट आधीच कळला, नाही आवडली’ अशा आहेत. यात तुम्ही कुठे आहात, हे त्या नोंदींवरून कळत नाही. म्हणून दसऱ्यापर्यंत एक करून पाहा. रहस्यकथा वाचताना शेवटची दोन पाने उरली की अंकात बोट घालून तो मिटा आणि वहीत लिहा : माझा संशय कोणावर आहे आणि का. मग शेवट वाचा आणि खाली लिहा : मी कुठे फसले. हे ‘कुठे’ फार बोलके असते. मी स्वतः अशा नोंदी ठेवू लागले तेव्हा वर्षभरात माझ्या ध्यानात आले की कथेतल्या म्हाताऱ्या विधवेवर मी कधीच संशय घेत नाही आणि परगावाहून आलेल्या माणसावर पहिल्या पानापासून घेते. कथांविषयी लिहायला घेतलेल्या वहीत मला माझे पूर्वग्रह सापडले, आणि ते काही कथेपुरते राहणारे नव्हते. ज्यांना वही ठेवण्याचा कंटाळा आहे त्यांनी समासात एक फुली करावी, मात्र स्वतःच्या अंकात. वाचनालयाच्या अंकात नको.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात मला खटकली. तुम्ही या चाळीस कथांना सरसकट ‘तसल्या कथा’ म्हणता. आपल्या भाषेने मात्र त्यांच्यासाठी वेगवेगळे शब्द ठेवले आहेत आणि ते वाया घालवू नयेत. रहस्यकथेत कोडे असते आणि ते सुटावेच लागते. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः हेरकथा लिहीत असे, १९२९ साली अशा कथांसाठी दहा नियम सांगितले आणि त्यांत अतिमानवी शक्तींना साफ मज्जाव केला. धर्मगुरूने हा मज्जाव करावा, याचे मला विशेष वाटते. अद्भुतकथेत याच्या नेमके उलट असते : बोलणारे झाड पहिल्याच वाक्यात बोलते आणि आपण ते मान्य करून पुढे जातो. गूढकथा या दोघींच्या मधल्या उंबरठ्यावर उभी असते. त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने १९७० सालच्या आपल्या पुस्तकात अशा साहित्याचा प्राण वाचकाच्या संभ्रमात आहे असे मांडले : घडले ते निसर्गनियमांत बसते की नाही, हे जोवर ठरवता येत नाही तोवरच ती कथा त्या जातीची राहते.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स याची माकडाच्या पंजाची कथा, १९०२ सालची, तुम्ही अनुवादात किंवा रूपांतरात कुठेतरी वाचली असेलच. तीन इच्छा पुऱ्या करणारा सुकलेला पंजा एका साध्या घरात येतो. पहिली इच्छा पुरी होते, पण अशा रीतीने की तिला निव्वळ योगायोगही म्हणता यावे. शेवटी रात्री दारावर थाप पडते. दाराबाहेर कोण होते, हे लेखक दाखवत नाही. दार उघडते तेव्हा समोर फक्त रिकामा रस्ता असतो. हा शेवट मी तुम्हाला सांगून टाकला आणि तरीही पुढच्या वेळी ती कथा वाचताना त्या थापेला तुमचा श्वास अडकेल, याची मला खात्री आहे. गूढकथेत सांगून टाकण्याजोगे उत्तर मुळी नसतेच. म्हणून तिच्याविषयीची नोंदही वेगळी हवी : मी कोणत्या ओळीपर्यंत ‘याला काहीतरी कारण असेल’ म्हणत होते, आणि कोणत्या ओळीला म्हणायची थांबले. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचताना ही ओळ शोधून पाहा. भय तिथे बहुधा तुमच्याआमच्यासारख्या घरातच, नेहमीच्या बोलण्याचालण्यातून उगवते, म्हणून ती ओळ सहजी सापडत नाही.

कथा फसलेली असेल तर तसेही लिहा. शेवटच्या परिच्छेदात अचानक जुळा भाऊ आणणारी, किंवा सगळे स्वप्न होते म्हणून हात झटकणारी कथा वाचकाशी अप्रामाणिक असते, आणि असे सप्रमाण म्हणण्याचा चाळीस कथा वाचलेल्या माणसाला पूर्ण अधिकार आहे.

मुलीविषयी मी अधिक सांभाळून लिहिते. अकराव्या वर्षी मागच्या पडवीतल्या काळोखाची भीती वाटणे हे काही बिघडल्याचे लक्षण नव्हे. तुम्हाआम्हाला ती कथा न वाचताही वाटत होती. तिच्याकडून अंक काढून घेतलात तर ती चोरून वाचेल आणि चोरून घेतलेल्या भीतीविषयी कोणाशी बोलता येत नाही. त्यापेक्षा दिवसाउजेडी, ओटीवर बसून, तिच्याबरोबर एक कथा मोठ्याने वाचा. सुरुवात रहस्यकथेने करा, कारण तिचे दार शेवटी नीट बंद होते. नंतर नारायण धारपांच्या ‘समर्थ’ मालिकेतल्यासारख्या कथा घ्या, ज्यांत वाईटाला थोपवणारे कोणीतरी असते. उंबरठ्यावरच्या गूढकथा अजून काही वर्षे थांबू शकतात. मात्र तिची झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, तर हे वाचन काही काळ बाजूला ठेवा आणि तिला नेमके काय दिसते, कशाचे भय वाटते, ते शांतपणे ऐकून घ्या.

सासूबाईंचे म्हणणे मात्र अंधश्रद्धा म्हणून लेखात उडवून लावू नका. त्यांचा राखणदार हे त्यांच्या दृष्टीने कथेतले भूत नाही. तो हद्द सांभाळतो, चुकलेल्याला वाटेवर आणतो, वर्षाला त्याचा नारळ त्याला द्यावा लागतो आणि देवापुढे घातल्या जाणाऱ्या गाऱ्हाण्यात त्याचे नाव घेतले जाते. तुम्ही वाचलेल्या कथांपैकी किती कथांनी याच रक्षणकर्त्याला हातात काठी देऊन रात्री कोणाच्या तरी मागे लावले आहे, ते एकदा वहीत तपासा. ज्याच्या भरवशावर गाव झोपते त्याचे कथेत भय कसे झाले, या प्रश्नावर कोकणातल्या वाचकाने लिहायला हवे. पुण्यामुंबईच्या वाचकाला तो प्रश्न सहसा पडणारच नाही. सासूबाईंना सांगा की तुम्हाला त्यांच्याकडून ऐकायचे आहे, आणि नातीलाही जवळ बसवा. पडवीची भीती त्याने जाईल असे वचन मी देत नाही. पण काळोखात सगळेच वाईट नसते, हे तिला पुस्तकाऐवजी आजीच्या तोंडून कळेल.

तेव्हा दुसऱ्या पुस्तकावर लिहू नका. याच कथांवर लिहा. चाळीसांची जंत्री देण्याच्या मोहात पडू नका, तीनच कथा घ्या : जिने तुम्हाला फसवले ती, जिने वाटेवरच्या बंद घरापाशी तुमची चाल मंदावली ती, आणि जी फसली ती. कथानक चारपाच वाक्यांपुढे सांगू नका. रहस्याच्या दारापर्यंत वाचकाला न्या आणि तिथे त्याचा हात सोडा. रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयाची स्थापना १८२८ सालची आहे. वाचनालयांची इतकी जुनी सवय असलेल्या या किनाऱ्यावर तुमचे हस्तलिखित वाचणारा माणूस पुढच्याच आठवड्यात कपाटातून तो अंक काढून नेण्याची शक्यता आहे. त्याच्यासाठी लिहा. अंकाचे नाव आणि वर्ष द्यायला विसरू नका, म्हणजे ग्रंथपालांना शोधाशोध करावी लागणार नाही.

आणि लेखाची सुरुवात तुमच्याकडे तयार आहे, ती तुम्ही कंसात टाकली आहे. कंस काढा. कथा संपली होती, अंक मिटला होता, कडी तुम्ही स्वतःच्या हाताने लावली होती, आणि तरीही तुम्ही उठलात. माजघरातून मागच्या दारापर्यंत किती पावले आहेत, वाटेत कशाला हात लागला, पागोळ्यांच्या आवाजात दुसरा कोणता आवाज तुम्ही ऐकत होता, आणि कडी हाताला लागल्यावर परत फिरण्याआधी तुम्ही तिथे किती वेळ उभ्या होता, हे आधी लिहा. कोणत्या कथेने तुम्हाला उठवले, ते त्यानंतर सांगा.